जुन्या वाकळेला जुनंच ठिगळ: कापड कुठं शोधायचं, कसं पारखायचं

सासूबाईंच्या आईनं शिवलेली वाकळ माझ्याकडे आली तेव्हा तिला दोन भोकं होती. आज तिच्यावर बारा ठिगळं आहेत, आणि त्यांतली निम्मी माझ्याच पहिल्या दुरुस्तीनं पाडलेल्या भोकांवर बसली आहेत. तालुक्याच्या गावाहून मी चांगलं जाड, नवंकोरं, रंगाला रंग जुळणारं सुती कापड आणलं होतं. दुकानदार म्हणाला रंग पक्का आहे, आणि तो खरंच पक्का निघाला. पण दोन धुण्यांत ते ठिगळ आटलं. भोवतीच्या झिजलेल्या लुगड्याला त्यानं असं ओढलं, की टाक्याच्या रेषेवरून चारी बाजूंनी कापड फाटलं. शेजारची आजी ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, "म्हाताऱ्या बैलासंग गोऱ्हा जुपला व तुनं. कसं वखर चालन?"

यापेक्षा नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ठिगळ शोधायला निघताना आपण सगळे रंग बघतो. रंग शेवटी बघायचा. आधी जाडी, मग झीज, मग वीण, आणि या तिन्हींत बसलं तर रंग.

शब्दांचं एवढं सांगून ठेवते. आमच्या धामणगाव-चांदूर रेल्वे भागात बोलताना 'वाकय' म्हणतात, गोधडी म्हटलं तरी कळतं. लुगडी-धोतरांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानं शिवलेलं पांघरूण, त्याबद्दल हा लेख आहे. कापूस भरलेली दुलई असेल तर तिचं वेगळं: तिथं पिंजाऱ्याचं काम आधी, ठिगळाचं नंतर.

आधी नुसतं बघा

वाकळ धुवू नका, उन्हात झटकू नका, सुई तर हातातही घेऊ नका. सकाळच्या उजेडात स्वच्छ चादरीवर पसरा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढा. प्रत्येक भोकाजवळ मोजपट्टी ठेवून जवळून एकेक फोटो. बाजारात कापड बघताना हाच फोटो कामी येतो, कारण डोक्यात राहिलेला रंग नेहमी चुकतो.

मग भोकात डोकवा. वाकळेचं भोक ही खिडकी असते. माझ्या वाकळेच्या खिडकीत वर अंजिरी चौकडीचं लुगडं, त्याखाली धोतराचे दोन पदर, त्याखाली एक जाड पासोडी आणि सगळ्यात तळाशी आणखी एक शिवण दिसली. म्हणजे आत एक जुनी, विरलेली वाकळ होती आणि तिच्यावर नवी चढवलेली. आपल्याकडे हे पुष्कळ घरांत सापडतं. वाकळ टाकून देत नसत, तिला आत घेत असत.

कापड कशानं गेलं तेही ओळखा. झिजून गेलेलं कापड जाळीसारखं दिसतं आणि भोकाची कड मऊ असते. उंदरानं कुरतडलेली कड खरबरीत, तुटक असते. ट्रंकेच्या गंजाचा डाग पडला असेल तर तिथलं कापड तपकिरी होऊन कडक लागतं आणि दुमडलं की तुटतं. छिटाच्या कापडात एक गंमत दिसते: फुलं-पानं शाबूत आणि काळी रेघ तेवढी गळून पडलेली. जुना काळा रंग लोखंडाच्या पाण्यातून करत, आणि तेच लोखंड हळूहळू सूत खातं. तिथं तुमची काही चूक नाही. तिथं ठिगळही फारसं टिकत नाही, वरून पातळ आवरण घालावं लागतं. ते पुढे सांगते.

सूत ओळखा

भोकाच्या कडेला लोंबणारा एखादा धागा आधीच सुटलेला असतो. तेवढाच घ्या, नवा ओढू नका. चिमट्यात धरून, वाकळेपासून लांब, चुलीजवळ नाहीतर पणतीवर जाळून बघा. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी राहतो.

यावरून वयाचाही थोडा अंदाज येतो. पॉलिस्टरचा शोधच १९४१ चा, आणि त्यापासून केलेलं टेरिलीन-टेरिकॉट खेड्यापर्यंत पोचायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. वरच्या थरात टेरिकॉट सापडलं तर तो थर आजीच्या नाही, आईच्या काळातला समजा. फक्त एक चूक करू नका: एका टेरिकॉटच्या ठिगळावरून सगळ्या वाकळेचं वय ठरवू नका. ठिगळं नंतर लागलेली असतात, आपणही तेच करायला निघालो आहोत.

सूत हाताचं की गिरणीचं, हे डोळ्यांनी कळतं. उन्हाकडे धरून बघा. गिरणीचा धागा एकसारखा असतो. चरख्याच्या धाग्यात मधेच जाड, मधेच बारीक असा हेलकावा दिसतो. आपल्या भागात दोन्ही भरपूर वापरलं गेलं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा, अकोला इथंही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. दुसरीकडे गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला होते आणि वर्धेच्या आसपासच्या गावांत टकळी-चरखा घराघरांत होता. वर्धा नदीच्या अलीकडे-पलीकडे आमची सोयरीक असल्यानं एकाच वाकळेत पुलगावचं धोतर आणि खादीची पासोडी शेजारी शेजारी निघाली, तर नवल वाटून घेऊ नका.

शोध घरातून सुरू करा

लोक आधी नागपूरला पळतात. आधी स्वतःच्या घरातली ट्रंक उघडा. लुगडं फाटलं की ते संपत नसे, त्याची पुढची नोकरी सुरू होई. ते कुठं कुठं गेलं असेल ते आठवा: बाळाची दुपटी, झोळी, उशीचे अभ्रे, डाळीचं गाठोडं, देवघरातलं फडकं, लोणच्याच्या बरणीचा दादरा. दादरा शक्यतो नको, त्यात तेल आणि हळद मुरलेली असते. झोळी मात्र सोनं. बाळाची झोळी करायला बाया घरातलं सगळ्यात मजबूत जुनं कापड निवडत, आणि मूल मोठं झालं की ती घडी करून ठेवत.

लुगडं हाती आलं तर त्याचा कोणता भाग घ्यायचा, हेही ठरलेलं आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, पण ते सगळीकडे सारखं झिजत नाही. काष्ट्याचा आणि बसण्याचा भाग आधी जातो. म्हणून जुन्या बाया मधला विरलेला तुकडा कापून टाकत आणि दोन्ही धड टोकं जोडून दंड घालत. तुमच्या हाती आलेल्या लुगड्याला दंड असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचं कापड चाचपून बघा. एक बाजू जास्त झिजलेली, एक कमी, असं असतं. म्हणजे एकाच लुगड्यात तुम्हाला दोन-तीन वयांचं कापड मिळालं. वाकळेशी जुळेल ते घ्या.

आणि एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. धड, नेसण्यासारखं लुगडं ठिगळासाठी कापायचं नाही. करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं, करवतकाठी असेल तर नाहीच नाही. एका जुन्या वस्तूला वाचवायला दुसरी मारायची, हा हिशेब मला पटत नाही. फाटलेली लुगडी शोधली तर पुरेशी मिळतात.

गावात मागताना

दोन वेळा साधा. एक दिवाळीच्या आधीची झाडझूड. दुसरी वेळ अलीकडे आली आहे: कुणाचं घरकुल मंजूर होतं, मातीचं जुनं घर पाडायला काढतात आणि माळ्यावरची बोचकी तीस-चाळीस वर्षांनी अंगणात येतात. त्या दिवशी घरच्यांना ते सगळं कचरा वाटतं आणि संध्याकाळपर्यंत जाळूनही टाकतात. पाडकामाची कुणकुण लागली की आदल्या दिवशीच जाऊन सांगून ठेवायचं, "काकू, जुनं लुगडं-धोतर निघालं तर जाळू नका, मी येते."

मागायची पद्धत महत्त्वाची. दारात उभं राहून "जुने कपडे आहेत का" विचारलं तर नाही म्हणतील, कारण ते मागणं वेगळं वाटतं. आपली वाकळ नाहीतर निदान तिचा फोटो बरोबर न्या. वाकळ दाखवली की म्हातारी माणसं आपणहून बोलू लागतात. मला सगळ्यात चांगला तुकडा असाच मिळाला. आजीबाईंनी ट्रंकेतून लुगडं काढलं, मधोमध विरलेलं. पाच मिनिटं नुसत्या त्याच्यावरून हात फिरवत बसल्या.

"थे माह्या लग्नातलं हाय. पदर नाही देत तुले."

"पदर नको आजी, ओच्याकडचं द्या हातभर."

"हातभर कायले, दोन हात ने. पण कापशीन माह्यासमोर."

त्यांच्यासमोरच कापलं. पदर घडी करून परत दिला. अशा ठिकाणी पैसे पुढे करू नका, राग येतो. मी नंतर खणाचा कपडा घेऊन गेले, तो ओटीत घेतला. गेलेल्या माणसाचं कापड असेल तर घरच्यांनी स्वतः देऊ केल्याशिवाय विषय काढायचा नाही. काही घरांत ते द्यायला चालतं, काही घरांत अजिबात चालत नाही.

बाजार, भांडेवाल्या आणि जुनी दुकानं

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया हा माझा दुसरा मोठा झरा. त्यांच्या गाठोड्यात हल्ली बहुतेक सिंथेटिक साड्या आणि जीन्स असतात, पण त्यांना काय हवं ते नीट सांगितलं तर त्या बाजूला काढून ठेवतात. "सुती, पातळ, फाटकं चालेल" इतकं सांगा. 'अँटिक' वगैरे शब्द काढाल तर भाव वाढेल आणि कापड तेच राहील. आठवडी बाजारात जुने कपडे घेऊन बसणारे असतील तर सकाळी लवकर जा. गठ्ठा सुटला की सुती कापड आधी संपतं, कारण गॅरेजवाले पुसायला तेच घेतात. ऑइलमध्ये बुडणाऱ्या मऊ धोतरांचा विचार आला की मला आजही चुकचुक वाटते.

जुन्या कापड दुकानात विचारताना "मळकं, पडून राहिलेलं थान आहे का" असं विचारा. नागपुरात इतवारी-गांधीबाग भागात फिरायचं तर दिवस काढून जा आणि पिढीजात दुकानांतच विचारा. थानाच्या टोकाला गिरणीचा शिक्का असेल तर तो वाचा. मीटरऐवजी वारांत माप असेल तर कापड जुनं असायचा संभव मोठा, कारण आपल्याकडे दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं वार जाऊन मीटर आले. पण पडून राहिलेलं थान म्हणजे न वापरलेलं कापड. वयानं जुनं असलं तरी अंगानं नवं. खळ तशीच असते, आटायचं बाकी असतं. गोऱ्हाच तो, फक्त गोठ्यात म्हातारा झालेला. वरच्या थरासाठी तो थेट घेऊ नका.

काहीच मिळालं नाही तर खादी. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासूनचं आहे. तिथं वनस्पतीच्या रंगांतली खादी बघायला आणि विकत घ्यायला मिळते. हातसुताचा हेलकावा जुन्या पासोडीशी बराच जुळतो. फक्त सगळ्यात पातळ पोत मागा. आणली की लगेच लावायची नाही. डोक्याला बांधा, शेतावर न्या, डब्याला गुंडाळा, आठवड्याला धुवा. एक उन्हाळा असा काढला की तिचा ताठा जातो. कापड जुनं करायचा याहून बरा उपाय मला माहीत नाही.

चहाच्या पाण्यात बुडवून नवं कापड जुनं 'दिसायला' लावायचा उपाय बरेच जण सांगतात. तो करू नका. चहातला तुरटपणा कापडातच राहतो, पुढे सूत कमजोर करतो, आणि शेजारच्या जुन्या कापडालाही त्याची लागण होते.

हाती आलेलं कापड पारखा

उन्हाकडे धरा. वाकळेचा शाबूत भाग आणि हा तुकडा, दोन्हींतून सारखाच उजेड यायला हवा. माझ्या मते सगळ्या परीक्षांत हीच मोठी.

मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये कापड धरून हळूच ताणा, आधी उभं, मग आडवं. धागे सरकून जाळी पडली तर ठिगळासाठी नापास, आत भरायला चालेल. धड कापड फाटताना आवाज करतं. कुजलेलं आवाज न करता उघडतं. तो नि:शब्दपणा एकदा बोटांना कळला की विसरत नाही.

रंग जातो का बघायला पांढरं ओलं फडकं तुकड्यावर ठेवून वर तांब्या ठेवा, तासाभरानं उचला. फडक्यावर डाग आला तर तो तुकडा वाकळेवर नको. लाल आणि निळ्या रंगांवर जास्त लक्ष ठेवा. हीच परीक्षा वाकळेच्याही प्रत्येक रंगावर, एका कोपऱ्यात, धुण्याआधी करा. आणि वास घ्या. बुरशीचा वास आला तर आधी सावलीत, वाऱ्यावर चार दिवस वाळवा, मगच घरात आणा.

पास झालेला तुकडा रिठ्याच्या पाण्यात भिजवून, न पिळता, आडवा पसरून वाळवायचा. नव्यासारखं कापड असेल तर हे पाच-सात वेळा. मोगरी नको, ब्लीच नको, निळीचीही गरज नाही.

ठिगळ लावताना

वाकळेच्या भोकाची कड कापून सरळ करायचा मोह होतो. तिथं कात्री चालवायची नाही. जुन्यातलं काहीही कमी करायचं नाही, फक्त वर ठेवायचं. पुढे कुणाला माझं ठिगळ काढून चांगलं लावायचं असेल तर त्याला ते करता आलं पाहिजे.

ठिगळ धाग्याच्या सरळ रेषेत कापा आणि भोकापेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठं ठेवा. टाका भोकाच्या कडेवर नाही, धड कापडावर पडला पाहिजे. ताणा-बाणा खालच्या कापडाशी जुळवून ठेवा, उभ्यावर उभा. हे चुकलं तर ठिगळ एका बाजूला ओढ घेतं आणि वर्षभरात सुरकुती धरतं. कडा आत दुमडून आधी लांब टाक्यांनी कच्चं करा. टाचण्या जुन्या कापडात रात्रभर ठेवू नका, आपल्या पावसाळ्यात त्या गंजतात.

दोरा सुतीच, आणि कापडापेक्षा अशक्त. हे ऐकायला उलटं वाटतं. पण ताण आला तर दोरा तुटायला हवा, कापड नाही. दोरा परत भरता येतो. नायलॉनचा किंवा पतंगाचा पक्का दोरा वापराल तर तो चाकूसारखा कापत जाईल. सुई बारीक. दाभण वाकळेच्या वाटेला जाऊ देऊ नका, ते पोत्यासाठी आहे.

टाक्याला जुनीच वाट द्या. वाकळ बहुधा बाहेरच्या कडेपासून सुरू होऊन चौकोनात चौकोन अशी आत शिवत जाते. तुमचा धावदोरा त्याच ओळीवरून, तेवढ्याच अंतरानं गेला तर ठिगळ वाकळेचं होतं. दोरा ओढून घट्ट करू नका, टाका नुसता कापडावर टेकू द्या. काही घरांत शिवताना मध्यभागी पोळीचा तुकडा ठेवत, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. तुमच्या वाकळेच्या मध्ये काही कडक लागलं तर उसवून बघू नका.

जिथं कापड हात लावला की भुगा होतं, लोखंडी काळ्या रेघांसारखं, तिथं ठिगळ नको. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या मलमलीचा तुकडा त्या सगळ्या भागावर पसरून चारी बाजूंच्या धड कापडात हलके टाके घाला. खालचं दिसत राहतं आणि गळतही नाही.

ठेवताना

पॉलिथिनमध्ये नाही. जुन्या धोतरात गुंडाळून, ट्रंकेच्या पत्र्याला कापड टेकणार नाही असं ठेवा. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड पुरचुंडीत बांधून बाजूला, कापडाला चिकटून नाही. तीन-चार महिन्यांनी बाहेर काढून घडी बदला, नाहीतर घडीवरच पुढचं भोक पडतं. उरलेल्या चिंध्या फेकू नका. प्रत्येकीला चिठ्ठी टाचा: कुणाचं लुगडं, कोणत्या गावचं, कधी मिळालं. टाचणीनं नाही, दोऱ्यानं.

माझ्या वाकळेच्या एका कोपऱ्यावर अजून नुसती मलमल आहे. तिथं अंजिरी, बारीक चौकडीचं, बऱ्यापैकी विरलेलं लुगडं हवं आहे, वीतभर पुरे. पोळा झाला, दिवाळीची झाडझूड जवळ आली आहे, आणि आमच्या गल्लीत दोन घरकुलं मंजूर झाल्याचं कालच कळलं.